साडूभाऊंनी नापास केलेली वाइन लिस्ट

पत्र: ताई नमस्कार. मी मूळ फोंड्याचा, नोकरीमुळे पर्वरीला राहतो. जुलैमध्ये माझे साडू सहकुटुंब पुण्याहून आले होते. त्यांना बेतीच्या बाजूला एका साध्या फिश रेस्टॉरंटमध्ये नेलं. प्लास्टिकच्या खुर्च्या वगैरे, पण मासळी एक नंबर, आम्ही नेहमी जातो. साडू नाशिकला वाइन टेस्टिंग करून आलेत आणि घरी त्याचे व्हिडिओ बघत असतात. त्यांनी वाइनचं कार्ड मागितलं आणि बघून हसले, "सातच? आणि त्यातली एक पोर्ट?" मग सगळ्यात महाग म्हणून ऑस्ट्रेलियन शिराझ घेतली, रेशाद बांगड्याबरोबर, आणि दोन घोटांत म्हणाले, लोखंड चाटल्यासारखं लागतंय, यांची लिस्टच बोगस. मालक बाजूलाच उभा होता, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता डिसेंबरअखेर ते परत येतायत. मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, मी आपला बियर पिणारा. कार्डचा फोटो पाठवतोय. लिस्ट खरंच वाईट आहे का? चांगली-वाईट ओळखायची कशी? परत तिथेच न्यायचं की मोठ्या हॉटेलात? आपली बाटली घेऊन गेलं तर चालतं का? बायको म्हणते गप्प बसा, घरी जेवू घालू.
— बियरवाला, पर्वरी

उत्तर: अहो बियरवाले, आधी निकाल सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. लिस्ट वाईट नाहीये. ग्रेट पण नाहीये, पण जिथे माणसं रवा लावलेली चणक आणि तिसऱ्यांचं सुकं खायला येतात तिथल्या मानाने चांगलीच आहे, आणि साडूभाऊंनी सातातली नेमकी जी त्या बांगड्याबरोबर घ्यायला नको होती तीच घेतली आणि मग खापर फोडलं लिस्टवर.

फोटो मी मोठा करकरून बघितला. लॅमिनेट केलेलं एकच पान, एका कोपऱ्यात हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा, पिवळा डाग, दोन किमतींवर पांढरी पट्टी चिकटवून वर नवा आकडा लिहिलाय. व्हाइट दोन, दोन्ही नाशिकच्या, एक सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि एक चेनिन ब्लाँ. एक रोझे, तीही नाशिकची. एक स्पार्कलिंग ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची आणि गोडी नसलेली. रेड दोन, एक इकडची शिराझ-कॅबर्ने आणि एक ती ऑस्ट्रेलियन शिराझ. आणि सगळ्यात खाली गोव्याची पोर्ट. दोन्ही व्हाइट आणि इकडची रेड ग्लासने मिळते, बाकीच्या फक्त बाटलीने.

आता साडू हसले ते सात या आकड्याला. मला तर अशा जागी सात बघून बरं वाटलं. तुम्हीच विचार करा, चाळीस खुर्च्यांची जागा, त्यात निम्मी गिऱ्हाइकं बियरवर, उरलेल्यातली निम्मी सोलकढीवर, तिथे चाळीस वाइनचं चामडी कव्हरचं पुस्तक ठेवलं तर त्या चाळीस बाटल्या उभ्या कुठे राहणार? गल्ल्याच्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, देवाच्या फोटोच्या शेजारी, तीस-बत्तीस डिग्रीत, महिनोन् महिने. वाइनला उष्णता आणि उजेड दोन्ही सोसत नाही, व्हाइटला तर नाहीच, एक उन्हाळा असा काढला की ताज्या लिंबू-पेरूसारखा वास मारणारी सॉव्हिन्याँ ब्लाँ शिजवलेल्या सफरचंदासारखी लागायला लागते आणि रंगही पिवळा होत जातो. सात बाटल्या मात्र मासळीच्या शेजारच्या फ्रिजमध्ये मावतात आणि फिरत राहतात. छोट्या जागेत लिस्ट लांब दिसली की मला आधी शंका येते की यातल्या किती खरोखर आहेत, कारण तीन नावं सांगितल्यावर तिन्ही वेळा वेटर आतून येऊन "सॉरी, ती संपली" म्हणतो हा अनुभव कोणाला नाहीये!

आणि त्यात जुलै. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे मासेमारी बंदी, ट्रॉलर मालीमच्या जेटीला बांधलेले, किनाऱ्यावरचे शॅक तर मेअखेरच मोडलेले असतात, टुरिस्ट कमी. या दिवसांत खप कमी म्हणून शहाणा मालक लिस्ट छोटीच ठेवतो. म्हणजे साडूंनी परीक्षा घेतली ती सुट्टीच्या दिवशी, शाळेत कोणी नाही म्हणून नापास केलं, असला प्रकार.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी वाइनचं कार्ड बाजूला ठेवून जेवणाचं कार्ड बघायचं. सी-फूडच्या जागेची लिस्ट चांगली की वाईट हे नुसत्या बाटल्यांच्या नावांवरून ठरत नाही, आतल्या चुलीवर काय शिजतंय त्याला त्या बाटल्या चालतात का यावर ठरतं. इथे चुलीवर काय आहे? रवा फ्राय, रेशाद, हुमण, बटर गार्लिक सुंगटं (कोळंबी), माणक्यांचं (स्क्विडचं) आंबट-तिखट. म्हणजे तेल, मीठ, कोकम नाहीतर व्हिनेगर, नारळ आणि मिरची. याला थंडगार, आंबटपणा असलेली, लाकडाचा वास नसलेली, फार कडक नसलेली वाइन लागते. त्या हिशोबाने मोजा. सातातल्या चार, म्हणजे दोन व्हाइट, रोझे आणि स्पार्कलिंग, या जेवणाला चालतात. निम्म्याहून जास्त! सी-फूडच्या जागेत सातातल्या पाच रेड असत्या तर मी म्हणाले असते की मालकाने डिस्ट्रिब्युटरने आणून दिलं ते ठेवलंय, डोकं चालवलं नाहीये.

डिस्ट्रिब्युटरवरून आठवलं, कार्डच्या तळाशी कंपनीचा लोगो आहे तो बघितलात का? बऱ्याच ठिकाणी कार्ड, छत्र्या, कधी कधी फ्रिजसुद्धा दारूची कंपनी देते आणि मग साहजिकच लिस्टमध्ये सगळं त्यांचंच. यात पाप काही नाही, धंदा आहे, पण अशा लिस्टमध्ये एकाच घरची सगळी भावंडं दिसतात. तुमच्या कार्डावर लोगो एकाचा आहे पण बाटल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे मालकाने स्वतःही निवड केलीय. हा एक मार्क मी जास्तीचा देते.

आता लोखंडाबद्दल. साडूंची जीभ खोटं बोलत नव्हती हो, तेवढं त्यांना द्यायला पाहिजे. 2009 साली जपानच्या मर्शियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी याच गोष्टीचा माग काढला होता. त्यांनी चाखणाऱ्यांना वेगवेगळ्या वाइन सुकवलेल्या स्कॅलप शिंपल्यांबरोबर दिल्या, आणि ज्या वाइनमध्ये लोह जास्त तिथे तोंडात मागे राहणारी वशट चव जास्त, असं निघालं. आणि त्याच वाइनमधलं लोह बांधून टाकलं की ती चव कमी. रेडमध्ये लोह साधारणपणे जास्त असतं, सगळ्याच रेडमध्ये असं नाही, पण बांगड्यासारखा तेलकट मासा आणि वरून दमदार रेड म्हणजे तुम्ही जुगार खेळताय. त्यात रेशाद मसाला, म्हणजे लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर. शिराझचं टॅनिन, तो जिभेला कोरडं करणारा तुरटपणा, मिरचीबरोबर जास्तच बोचतो आणि कडक वाइनमधलं अल्कोहोल मिरचीची आग आणखी भडकवतं. वरून ती बाटली जुलैच्या दमटात फळीवरून थेट टेबलावर आली असणार, कारण "रेड रूम टेम्परेचरला प्यायची" असं सगळ्यांना माहीत असतं, फक्त ती रूम युरोपातली, सोळा-अठरा डिग्रीची, हे कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या रूम टेम्परेचरला रेड म्हणजे कोमट काढा. ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून आणली असती तरी निम्मी तक्रार गेली असती. या बाबतीत मालकही थोडा चुकला, आणि मी म्हणते साडूंना एवढं नाशिक माहीत तर त्यांनीच सांगायचं ना, भाऊ जरा थंड करून आण म्हणून!

आणि महाग म्हणून चांगली, हा हिशोब तर इम्पोर्टेड बाटलीला अजिबात लावू नका. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं 150 टक्के कस्टम ड्युटी होती. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला, त्यात ठरावीक किमतीच्या वरच्या बाटल्यांची ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरतेय, पण अगदी स्वस्तातल्या बाटलीला ती सवलत नाही. म्हणजे तिकडे सुपरमार्केटमध्ये रोजच्या जेवणाबरोबर घेतात ती साधी बाटली इकडे येईपर्यंत ड्युटी, वाहतूक, इथला कर, डिस्ट्रिब्युटर आणि मग रेस्टॉरंट, सगळ्यांचे पैसे अंगावर घेऊन कार्डावरची सर्वात महाग बाटली होते. तेवढ्याच पैशात नाशिक, अकलूज किंवा नंदी हिल्सच्या चांगल्या घरची बरी बाटली येते. इथे देशाभिमान वगैरे काही नाही, सरळ रुपयांचा हिशोब आहे. नाशिकच्या सुला कंपनीने 2000 साली पहिल्या वाइन बाजारात आणल्या त्या सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि चेनिन ब्लाँच होत्या, आणि आज आपल्याकडच्या बऱ्याच साध्या फिश थाळीच्या जागी याच दोन जातींच्या व्हाइट दिसतात. ज्यांना हे मिळमिळीत वाटतं त्यांना वाटू दे, नारळ-कोकमाच्या जेवणाला त्या चालतात.

पोर्टवरून हसले ते मात्र मला झोंबलं. गोव्याची पोर्ट म्हणजे पोर्तुगालची पोर्ट नव्हे हे इथे शेंबड्या पोरालाही माहितीय. तिकडची डोरू खोऱ्यातली, 1756 मध्ये त्या भागाची हद्द आखली गेली, आंबवण अर्ध्यात असताना द्राक्षाची स्पिरिट घालून थांबवतात म्हणून ती गोड पण राहते आणि कडक पण होते. इकडची म्हणजे गोड रेड, स्वस्त, लग्नात आणि नाताळात आजीसुद्धा एक छोटा ग्लास घेते ती. ती लिस्टवर असण्यात काहीच कमीपणा नाही. बघायचं एवढंच की ती विकतात कशी. तळाशी वेगळी लिहिलीय, म्हणजे जेवणानंतर बेबिंकाबरोबर घ्या असं मालकाला म्हणायचं असावं, आणि ती जोडी छान लागते. वेटरने फ्राय इसवणाबरोबर पोर्ट घ्या म्हणून गळ घातली तर मात्र समजा की त्याला वाइनचं काही सोयरसुतक नाही, पर्यटक मागतात म्हणून तो बोलतोय.

आता दोष सांगते, नाहीतर म्हणाल ताई मालकाच्या बाजूच्या. एक म्हणजे कुठल्याच बाटलीपुढे साल नाही. मोठ्या रेडला दोन-चार वर्षं इकडे-तिकडे झाली तर चालतं पण सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि रोझे ताज्याच प्यायच्या. नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये तुमच्या हातात याच वर्षाची बाटली यायला हरकत नाही, गेल्या वर्षाची असेल तरी ठीक, त्याच्या मागची असेल तर दुसरी मागा. कार्डावर नाही तर लेबलवर बघा, बाटली उघडायच्या आधी, लाजायचं काही कारण नाही. दुसरं, दोन रेड आणि दोन्हीत शिराझ, हा शुद्ध आळस. एक हलकी रेड, गार करून देता येईल अशी ठेवली असती तर चोरीस-पाव किंवा चिकन शाकुती खाणाऱ्याची सोय झाली असती. तिसरं, रोझे ग्लासने नाही. या मेन्यूला सगळ्यात जास्त गोष्टींबरोबर चालणारी वाइन तीच, आणि तीच फक्त पूर्ण बाटलीने!

स्पेलिंगच्या चुका मी मोजत नाही. तीन नावांचं स्पेलिंग चुकलंय, साडूंनी नक्की दाखवलं असणार. सोडून द्या. फ्रेंच नावं चुकवूनसुद्धा माणूस बाटली नीट थंड ठेवू शकतो.

थंडवरून, कार्डापेक्षा फ्रिज बघा. हात धुवायला जाताना नजर टाका. व्हाइट, रोझे, स्पार्कलिंग आडव्या-उभ्या कशाही असोत, पण फ्रिजमध्ये आहेत का? व्हाइट आठ-दहा डिग्रीला, स्पार्कलिंग त्याहून थोडी गार हवी. आपल्याकडे टेबलावर आलेली बाटली दहा मिनिटांत कोमट व्हायला लागते म्हणून बादली मागा, आणि बादलीत नुसता बर्फ नको, बर्फ आणि पाणी दोन्ही, वर मूठभर मीठ, असं केलं की कोमट बाटलीसुद्धा पंधरा-वीस मिनिटांत प्यायजोगी होते. मासळीच्या जागी बर्फ आणि मीठ या दोन गोष्टींचा तुटवडा नसतो. स्टीलची बादली नसेल तर प्लास्टिकची चालेल, कोण बघतंय.

वेटरला दोनच प्रश्न विचारा. पहिला, "यातली जास्त कुठली जाते?" जी जास्त जाते ती ताजी असते, एवढा साधा हिशोब. दुसरा, ग्लासने घेत असाल तर, "ही बाटली कधी उघडली?" आज, काल, अगदी परवा म्हणाला आणि बाटली फ्रिजमध्ये असेल तर घ्या. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला की समजायचं, ती गेल्या रविवारपासून उघडी आहे. स्पार्कलिंग ग्लासने देत असतील तर आणखी जपून, बुडबुडे एक-दोन दिवसांत जातात. आणि "हाउस वाइन" असं नुसतं लिहिलं असेल तर नाव विचारायचं, नाव नसलेली वाइन मी घेत नाही.

पैशाचं थोडं गणित. बाटली 750 एमएल, ग्लास बहुतेक 150 चा, म्हणजे पाच ग्लास. तुमच्या कार्डावर चेनिन ब्लाँ ग्लास 350 आणि बाटली 1,500. साडेचार ग्लासांच्या आत बाटलीचे पैसे वसूल, हे नेहमीचंच प्रमाण आहे, लुबाडणूक नाही. तुम्ही चौघं आहात, बाटलीच घ्या. दुकानातल्या भावाच्या दुप्पट-अडीचपट रेस्टॉरंटमध्ये असणार हे गृहीत धरा, ग्लास धुणारा, बर्फ आणणारा, लायसन्सची फी, सगळं त्यातच आलं. तिपटीच्या वर गेलं तर मी भुवया उंचावते, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तर जास्तच.

आता डिसेंबर. मोठ्या हॉटेलात नेऊ नका. तिथे लिस्ट लांब असेल, वाइन सुचवणारा सोमेलिए पण असेल, आणि साडू आनंदाने दोन तास बोलतील आणि बिल तुम्ही भराल, वर चणक तिथे इथल्यासारखी मिळेलच याची खात्री नाही. परत तिथेच न्या. बसल्या बसल्या स्पार्कलिंग ब्रूट मागवा, कोणी कार्ड उघडायच्या आत. रवा फ्राय, माणक्या बटर गार्लिक, कुरकुरीत मोडसो, जे काही तळलेलं येईल त्याबरोबर ब्रूट म्हणजे तेल कापलं जातं, मीठ खुलतं, आणि स्पार्कलिंगला नावं ठेवायला सहसा कोणाचं तोंड उघडत नाही. मग हुमण, भात, कुर्ल्या येतील तेव्हा चेनिन ब्लाँ. आपल्याकडच्या चेनिनमध्ये बहुतेक वेळा जराशी गोडी असते आणि तीच मिरचीला आवरते, नारळाशी तर तिचं आधीपासूनच जमतं. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या हुमणाबरोबर एकदा घेऊन बघा. तुम्ही बियरवाले, तुम्हाला पण आवडेल. रेशाद हवाच असेल, आणि हवाच, तर रोझे, चांगली गार. व्हिनेगर घातलेल्या पदार्थासमोर आंबटपणा कमी असलेली वाइन एकदम पाणचट लागते म्हणून तिथे चेनिनपेक्षा रोझे नाहीतर सॉव्हिन्याँ. बालचाव, म्हणजे लोणच्यासारखं आंबट-जहाल, त्याच्याबरोबर मात्र कुठलीच वाइन लावायच्या भानगडीत पडू नका, तिथे तुमची बियरच बरोबर, साडूंना पण द्या. सोलकढी शेवटी, वाइनच्या मध्ये नको, दोघांचा आंबटपणा एकमेकांना मारतो.

लिस्टवर कधी पोर्तुगालची विन्यु व्हेर्द दिसली तर तीही ध्यानात ठेवा, हलकी, अल्कोहोल कमी, जिभेवर किंचित चुरचुर, तिकडच्या मिन्यु भागातले किनाऱ्याकडचे लोक मासळीबरोबर तीच पितात. आपल्या जेवणाला ती मस्त जाते, फक्त ड्युटीमुळे किंमत बघून घ्या.

आपली बाटली न्यायचं म्हणाल तर मालकाला आधी विचारल्याशिवाय नेऊ नका. काही जागा कॉर्केज म्हणून ठरावीक पैसे घेऊन चालवून घेतात, काहींना लायसन्समुळे नको असतं. आणि तुमच्या केसमध्ये मी तर नकोच म्हणेन. त्या माणसासमोर एकदा त्याची लिस्ट बोगस म्हणून झालंय, आता परत पिशवीतून बाहेरची बाटली काढली तर तो तुम्हाला रवा फ्राय देईल, पण पूर्वीसारखा "आज चणक घेऊ नका, पापलेट बरें आसा" असं कानात येऊन सांगणार नाही. ते सांगणं गमावू नका, कुठल्याही वाइनपेक्षा ते महाग आहे.

साडूंचं काय? साडू या नात्याची गंमत अशी की भांडता येत नाही आणि गप्पही बसवत नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाशी वाद घातला तर तो दुसरा कांदा घेतो. त्यांना काम द्या. "तुम्हाला यातलं कळतं, चेनिन आधी घ्यायची की रोझे, तुम्ही ठरवा" म्हणा. दोन्ही तुम्ही आधीच ठरवलेल्या, दोन्ही बर्फात, काही ठरवलं तरी जेवण बिघडत नाही. वेटर पहिला घोट त्यांनाच ओतू दे. तो घोट आवडली का ते सांगायला नसतो, बाटली खराब झालीय का ते बघायला असतो, म्हणजे ओल्या पुठ्ठ्याचा वास, व्हिनेगरचा वास, शिजल्यासारखा रंग असलं काही असेल तर बदलून मिळते, "मला जरा वेगळी वाटली होती" म्हणून नाही. हे साडूंना माहीत असेलच. नसेल तर हे पत्र त्यांच्या हाताला लागेल असं कुठेतरी ठेवा! आणि तरीही त्यांनी शिराझच मागितली तर मागवू द्या, फक्त बादलीत घालून आणि चिकन शाकुतीबरोबर. बायकोचं घरी जेवू घालायचं डोक्यात असेल तर एक रात्र तसंही करा, पण मग स्वयंपाक तुम्ही करायचा, असं मी सांगितलंय म्हणून सांगा.

जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी मालकाला फोन करा, जुलैबद्दल सॉरी म्हणून टाका, चौघांचं टेबल सांगा आणि दोन बाटल्या सकाळीच फ्रिजमध्ये टाकायला सांगा. जमलं तर रोझे ग्लासने ठेवायचं पण सुचवा, सीझनमध्ये बाटली एका दिवसात संपेल, त्याचं नुकसान नाही. दुपारचं जेवण असेल तर साडेबाराला पोचा, नाताळ ते नवीन वर्ष गर्दी एवढी असते की दोन वाजेपर्यंत चांगली मासळी संपते. पर्वरी जवळ असली तरी गाडी घरीच ठेवा, मांडवीच्या पुलाच्या आसपास त्या आठवड्यात पोलीस उभे असतात आणि टॅक्सीचं भाडं दंडापेक्षा नक्की कमी पडेल.